अर्धं ब्लेड

नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं,
अर्धं वस्तऱ्यात, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला.
ताडीवाला रोडवर, दोन खुर्च्यांच्या दुकानात
बावीस वर्षं हेच करतोय.
कुणाचं रक्त कसलं, कधी विचारलं नाही.
विचारतं का कुणी?

रोहिदासदादा ससूनमधून घरी आला
आणि आईनं आधी कप वेगळा काढला,
कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन.
मग ताट. मग तांब्या.
मग दोरीच्या पार टोकाला टॉवेलची जागा.
दादा काही बोलला नाही.
ठिपक्याचा कप स्वतःच विसळून
बाकीच्यांपासून वीतभर लांब पालथा घालायचा.
ती वीत मला रोज दिसायची.
मीही सरकवली नाही.

औषधं मिळतात तिथल्या कुंदाताईंनी
पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं.
मला वाटलं होतं, वही भरेल.
निघालं किराणाच्या यादीपेक्षा कमी.
कप वेगळा नको. संडास वेगळा नको.
मिठी मारलीत तरी काही होत नाही
(हे त्यांनी लिहिलं नाही, नुसतं सांगितलं,
आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो).
दाढीचं सामान ज्याचं त्याचं, दातांचा ब्रश ज्याचा त्याचा.
रक्त सांडलं तर हातमोजे;
नसलेच तर दुधाच्या पिशव्या हातात चढवा, भोक नसलेल्या.
एक वाटी ब्लीच, नऊ वाट्या पाणी,
लागेल त्या दिवशी ताजं कालवायचं.
शिळं झालं की नुसता वास उरतो.

सगळ्यात खाली, रेघ मारून :
त्यांच्याजवळ जाण्याआधी साबणानं हात.
"ताई, आधी? नंतर ना?"
"नंतर धुताच हो तुम्ही, घासून घासून धुता.
आधी धुवा.
तुमचं साधं पडसं त्यांना आडवं करेल."

जिन्यात बसलो थोडा वेळ.
इतके दिवस आम्ही दाराला कडी घालत होतो,
उलट्या बाजूनं.

आता साडेपाचला नळ आला की
पहिलं पातेलं दादाचं, खळखळ उकळेपर्यंत.
कोथिंबीर तीन पाण्यांतून. अंडं पुरतं शिजलेलं.
प्रांजलला खोकला झाला तेव्हा
चार रात्री ती शेजारी मंदामावशीकडे झोपली,
दारातून ओरडून काकाला गणितं विचारायची.
आणि आई, जी रोज सकाळी
खिडकीत मूठभर ज्वारी टाकायची,
तिला सांगावं लागलं, कबुतरांची घाण
त्याच्या छातीला बरी नव्हे.
दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी तोंडाला पदर बांधून
तिनंच खिडकी पाण्यानं भिजवून पुसली.
कबुतरं अजून येतात. बघतात. जातात.

कपाचं काही ठरवून झालं नाही.
एका संध्याकाळी सगळे कप मोरीत होते,
आईनं तोच घेतला, चहा निवतोय म्हणून.
दादा बघत होता.
"आई, तो माझाय."
"असू दे की," म्हणाली, आणि बिस्कीट बुडवलं.

बुधवारी आणि रविवारी त्याची दाढी करतो.
गाल आत गेलेत, कातडी ताणून धरावी लागते.
परवा हनुवटीपाशी लागलंच.
एवढासा थेंब.
बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात थरथरला.
त्यानं माझ्या हातातून कापूस घेतला,
स्वतःच दाबून धरला, आरशात बघत म्हणाला,
"कसला रे न्हावी तू."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं
आणि आधी तुरटीचा खडा फेकून दिला,
दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा, एकच.

घरी एक ब्लेड मोडतो.
वापरलेलं अर्धं जाड बाटलीत, झाकण घट्ट.
उरलेलं अर्धं कुणालाच देत नाही.
कागदात गुंडाळून फळीवर ठेवतो,
वर पेननं लिहितो :
दादा, बुधवार.